घट्ट पाणी

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकणार, म्हणून आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे पेन हातात घेतलं ते सही करायला आणि गावी पैसे पाठवायचा फॉर्म भरायला, तेवढंच. ही वही मॅडमच्या मुलाची. पहिल्या सहा पानांवर त्याची गणितं आहेत, बाकीची कोरी होती म्हणून त्याने मला दिली. मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यामागे माझी मुलगी ही बॅग उघडेल तेव्हा तिला पावडरीचा एक डबा मिळेल, तो कसला ते तिला कळावं. तोंडाने सांगायला मला जमणार नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून.

बहारीनमध्ये मला आठ वर्षं झाली. त्यातली सात याच घरात, बुसैतीनला. मॅडम आणि साहेब दोघे स्पेनचे. साहेब सित्राला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. घरात त्यांचं स्पॅनिश चालतं, माझ्याशी मोडकं इंग्रजी, आणि मधे मधे इथले अरबी शब्द, खलास म्हणजे संपलं, यल्ला म्हणजे चल. मुलाला मी तो रांगत होता तेव्हापासून सांभाळलं, त्यामुळे त्याच्या भाषेतले दहा-पंधरा शब्द मला आपोआप आले. ये, बस, नको, गरम, दूध. पाण्याला ते आग्वा म्हणतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये मॅडमच्या आईला झटका आला आणि एक बाजू गेली. मॅडम स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू येशील माझ्याबरोबर? दोन महिने. तिथे माणूस मिळत नाही, आणि मिळालं तरी मला भरवसा नाही." मी मान हलवली. भरवसा म्हणाल्या ते मला फार लागलं, चांगल्या अर्थाने.

व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, फोटो काढले. आमच्या गावची एक बाई बाब अल बहरीनजवळ शिलाईच्या दुकानात आहे. शुक्रवारी तिच्याकडे गेले तर ती सगळ्यांसमोर ओरडली, "काय गे, युरोपाक चल्लंस? थंय गेल्यार आमची वळख ठेवतलंस मां?"

"म्हातारेची सेवा करूक चल्लंय, फिराक नाय."

"सेवा काय, आमी हंयसर पण करतोच. थंडी वाजात तर माजो स्वेटर घेवन जा, पण वास लावन हाडू नको."

तिथे जुलैत थंडी नसते हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. स्वेटर बॅगेत घेऊन गेले आणि तसाच आणला.

त्या शहराचं नाव मला म्हणता येतं, लिहिताना चुकतं, म्हणून लिहीत नाही. मधून मोठी नदी जाते. विमानतळावरून टॅक्सीने निघालो तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजलेले आणि बाहेर ऊन. मला वाटलं, घड्याळ बिघडलं. मॅडमना विचारायची लाज वाटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सात मजल्यांच्या इमारती, विटांच्या रंगाच्या, आणि प्रत्येक खिडकीवर पट्ट्यापट्ट्यांचं शटर खाली ओढलेलं. आपल्याकडे दुकानाला असतं तसं घराला. खाली फुटपाथवर मात्र टेबलं मांडून सगळं शहर बसलं होतं. म्हाताऱ्या बायका केस सेट करून, लिपस्टिक लावून, एकमेकींचे हात धरून चाललेल्या. माणसं इतक्या मोठ्याने बोलत होती की मला वाटलं भांडण पेटलंय. कोणीच भांडत नव्हतं.

तळणाचा आणि सिगारेटचा वास येत होता. मी काचेतून प्रत्येक चेहरा बघत होते. बहारीनमध्ये मी कितीही परकी असले तरी परकी वाटत नाही, कारण रस्त्यावर निघालं की दुसरा माणूस मल्याळी, तिसरा बंगाली, चौथा फिलिपिनो. कोणालाही "भैया" म्हणून हाक मारली की तो थांबतो. इथे टॅक्सी अर्धा तास चालली आणि मला माझ्यासारखा एक चेहरा दिसला नाही. शेवटी एका सिग्नलला दिसला, गुलाब विकणारा, गुच्छ हातात धरून टेबलाटेबलाला फिरणारा. लोक त्याच्याकडे न बघता हात हलवत होते. सिग्नल सुटला. पुढे दोन महिने मला तोच आठवायचा, ओळख नसताना.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट एवढी अरुंद की बॅग आत आणि मी बाहेर. घरात अंधार. दिवसभर शटर बंद ठेवतात, ऊन आत येऊ नये म्हणून, आणि म्हातारीला उजेड सोसत नव्हता म्हणून संध्याकाळीही उघडत नव्हते. टाल्कम पावडर, औषध आणि जुन्या लाकडाचा वास. पलंगाच्या डोक्यावर क्रूस. त्याखाली ती. तोंडाची डावी बाजू ओघळलेली, उजवा डोळा मात्र चाकूसारखा. तो डोळा माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आला. ती काहीतरी बोलली. मॅडम लाल झाल्या आणि पटकन उत्तर दिलं.

मी नंतर विचारलं, "काय म्हणाल्या?"

मॅडम म्हणाल्या, "थकलीय ती."

ज्या स्वरात ती बोलली होती तो स्वर मला चार भाषांत कळतो.

पण आठ दिवसांत तिला माझ्या हाताची सवय झाली. पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर, केस विंचरणं. विंचरताना ती डोळा मिटायची. त्या घरातल्या सगळ्या कामात एकच काम मला जड गेलं, ते पाण्याचं.

झटक्यामुळे तिचा घसा नीट मिटत नव्हता. साधं पाणी दिलं तर ते पोटात न जाता छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून एक पांढरी पावडर होती. पेल्यात पाणी घ्यायचं, पावडर ढवळायची, दोन मिनिटांत त्याचा खळीसारखा चिकट गोळा व्हायचा. तो चमच्याने भरवायचा. मॅडमनी मला बोट दाखवून तीनदा बजावलं, "साधं पाणी अजिबात नाही. एक घोटही नाही. समजलं?"

समजलं. पण म्हातारीला नाही समजलं. ती चमचा बघितला की तोंड फिरवायची आणि म्हणायची, "आग्वा." मी म्हणायची, हेच आग्वा. ती डोळा वटारायची. मग हळूहळू वटारायचं सोडलं आणि नुसतं मागायला लागली. सकाळी, दुपारी. आग्वा. आग्वा. ओठांना भेगा पडलेल्या. मी ओला कापूस फिरवायची, तर ती कापूसच चोखायची. मी काढून घ्यायची. जबड्यातून ओढून काढावा लागायचा.

आमच्याकडे पडलेल्या माणसाने पाणी मागितलं आणि नाही दिलं, असं कधी ऐकलं नाही. शेजारचं वैरी घर असलं तरी पाणी देतात. शेवटचं तर घरच्यांनीच घालायचं, तुळशीचं पान ठेवून. माझी आई गेली तेव्हा मी इथे बुसैतीनला होते. रजा मिळाली असती, पण तिकिटाची सोय होईपर्यंत सगळं आटोपलं. भावाचा फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला, पाणी कोणी घातलं? तो म्हणाला, वहिनीने. मी बरं म्हटलं. पण ते मनात राहिलंय. तुझ्या आजीच्या तोंडात मी पाणी घातलं नाही, हे तुला माहीत असू दे.

आणि आता कोणाच्या तरी आईच्या पलंगापाशी बसून मी रोज पाणी नाकारत होते. पगार घेऊन.

एकदा, मॅडम आंघोळीला गेल्या असताना, मी साध्या पाण्याने भरलेला चमचा तिच्या ओठांपर्यंत नेला होता. नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि मी तो माझ्याच तोंडात घातला. एवढी माझी हिंमत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मॅडमना फोन आला. मुलाला साहेबांच्या आईवडिलांकडे दुसऱ्या गावी ठेवलं होतं, त्याला ताप चढला होता. मॅडम आगगाडीने निघाल्या, संध्याकाळी सातला परत येते म्हणाल्या. जाताना पन्नास युरोची नोट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. "पावडर संपत आलीय. समोरच्या बाईला मी सांगितलंय, ती आईपाशी बसेल. तू जा, हिरवा क्रूस दिसेल ते औषधाचं दुकान. रिकामा डबा दाखव, ते देतील." घराचा पत्ता लिहिलेलं कार्डही दिलं.

समोरची बाई म्हणजे समोरच्या दारातली, म्हातारीच्याच वयाची, एकटी राहणारी. दुपारी सगळं आवरून मी तिला बोलावलं तेव्हा अडीच वाजले होते. ती खुर्चीत बसली, म्हातारीचा हात हातात घेतला. मी डबा उचलला आणि उतरले.

नोट टेबलावरच राहिली.

याचं कारण कोणाला सांगितलं तर हसतील. बुसैतीनला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे किराणा दुकान, केरळच्या माणसाचं. सात वर्षं मी तिथे रिकामा डबा किंवा रिकामी पिशवी घेऊन जाते, तो तसलाच भरलेला देतो, वहीत लिहितो आणि महिन्याला साहेब देतात. पैसे घेऊन दुकानात जायची माझी सवयच मोडली होती. हाताला डबा लागला म्हणजे दुकानाला जाणं झालं.

खाली आले तर शहर मेलेलं. अडीच वाजता, कडक उन्हात, एक दुकान उघडं नाही. सगळी शटरं खाली. काल जिथे टेबलं होती तिथे खुर्च्या साखळीने बांधलेल्या. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. माझ्या डोक्यात एकच आलं: बंद. कोणीतरी मोठा पुढारी गेला असणार, किंवा दंगल झाली असणार. आमच्या तालुक्याच्या गावी असं झालं होतं तेव्हा आम्ही मुलींनी बाजारातून घरापर्यंत पळत मजल मारली होती. मी भिंतीला धरून चालू लागले. हिरवा क्रूस दिसला, त्याचंही शटर खाली. शटरवर कागद, मला न येणाऱ्या अक्षरांचा. दुसरा क्रूस शोधायला वळले. तिसऱ्या वळणानंतर सगळ्या गल्ल्या सारख्या दिसायला लागल्या. शटर खाली असलं की घर आणि दुकान यात फरक राहत नाही, खूण राहत नाही. ऊन बहारीनएवढंच, पण बहारीनमध्ये उन्हात माणूस चालत नाही, चाललंच तर कोणीतरी गाडी थांबवून विचारतं.

किती वेळ फिरले माहीत नाही. एका पावाच्या दुकानात एक बाई शटर अर्धं ओढून आतून फरशी पुसत होती. पन्नाशीची, जाडसर, हातांना पीठ. मी उभी राहिले. बोलता काही येईना. तिने बघितलं, काहीतरी विचारलं. मी डबा पुढे केला.

तिने डबा फिरवून वाचला. "हां," असं काहीतरी म्हणाली आणि पावाच्या कागदावर पेनने घड्याळ काढलं, काटा पाचावर. पाचला उघडतील. मी मान हलवली, नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला अजून लाज वाटते. तिने आत जाऊन ग्लासभर पाणी आणलं. मी ते उभ्याउभ्या प्याले, सगळं, एका दमात. पिऊन झाल्यावर मला म्हातारी आठवली.

तिने एप्रन काढला, शटर खाली ओढलं, माझा दंड धरला. जाताना त्या बंद औषधाच्या दुकानावरच्या कागदावर बोट ठेवून तिने एक पत्ता वाचला. दुपारी सगळी औषधाची दुकानं मिटतात, पण पाळीपाळीने एक उघडं राहतं, ते त्या कागदावर लिहितात. पंधरा मिनिटं चाललो. दुकानदाराने डबा ठेवला, अठरा युरो चाळीस. मी कनवटीला हात लावला, खिशात हात घातला, कार्ड निघालं. टेबलावरची नोट डोळ्यांपुढे आली. मी त्या बाईकडे बघितलं आणि खाली बघितलं. तिने तोंडातल्या तोंडात काही पुटपुटून आपली पर्स उघडली. मग कार्ड वाचून मला दारापर्यंत सोडलं. मी बोटाने खूण केली, उद्या आणून देते. ती "यल्ला" म्हणावं तशी हात हलवून गेली.

वर गेले तेव्हा पावणेपाच झाले होते. समोरची बाई तशीच खुर्चीत. म्हातारी शांत पडलेली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. ओठ ओले. हनुवटी ओली. गाऊनचा गळा ओला. छोट्या टेबलावर काचेचा ग्लास, अर्धा रिकामा.

समोरच्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिला नियम माहीत होता, मॅडमनी तिलाही सांगितला होता. तिने म्हातारीची हनुवटी पुसली. म्हातारी एकदा खोकली, ओला खोकला. मग पुन्हा.

मी ग्लास उचलला, स्वयंपाकघरात नेला, धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. नव्या डब्याचं सील न काढता तो माझ्या बॅगेत ठेवला. का, ते त्या वेळी मलाही कळलं नाही. खरं लिहायचं तर मला राग आला होता. पाणी दिलं म्हणून नाही. जे मला तीन आठवडे द्यायचं होतं ते दुसरीने दिलं म्हणून.

मॅडम आल्या तोवर अंग तापलं होतं. अँब्युलन्स आली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. छातीत पाणी उतरलं होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मॅडमनी मला विचारलं, "तू तिला पाणी दिलंस?"

"नाही."

"मग पावडर आणायला गेली होतीस? नोट तर टेबलावर तशीच आहे."

"दुकानं बंद होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारीचाच डोळा होता तो. "खलास," म्हणाल्या आणि वळून गेल्या. डबा आणल्याचं सांगितलं असतं तर तेव्हा पलंगापाशी कोण होतं ते लगेच निघालं असतं. समोरच्या बाईचं नाव मी घेऊ शकले असते. ती व्हरांड्याच्या टोकाला काळ्या कपड्यांत बसून माझ्याकडे बघत होती, एवढीशी झाली होती. मला नाही जमलं.

दुसऱ्या दिवशी पुरलं. तिथे जमिनीत पुरत नाहीत, उंच भिंती आहेत आणि भिंतीत कप्पे, पाच पाच एकावर एक, टेबलाच्या खणांसारखे. पेटी आत सरकवली. मग एक गवंडी आला, घमेल्यातला माल थापीने लावून विटा रचू लागला. सगळे उभे राहून बघत होते. माझा नवरा गवंडी होता. थापीचा विटेवर आवाज होतो तो मी बारा वर्षं ऐकलाय, घर बांधताना. माणूस आत ठेवून तो आवाज ऐकेन असं वाटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या पगारातले पैसे घेऊन पावाच्या दुकानाकडे गेले. शटर खाली, वर कागद. समोरच्या हॉटेलवाल्याने बोटांनी सांगितलं, महिनाभर सुट्टी.

बुसैतीनला परत आल्यावर मॅडमनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं कधी वाटायचं. त्या रागावल्या नाहीत, कामं सांगायच्या, पगार वेळेवर. फक्त मुलगा पाणी मागायचा तेव्हा त्या उठून स्वतः द्यायच्या. मी फ्रिजपाशी उभी असले तरी. एक वर्ष. एवढंच, पण रोज.

मी कोणाला काही बोलले नाही. शिलाईवाली म्हणायची, "युरोपान तुजी वाचाच बसली." तिला मी स्वेटर धुऊन परत दिला.

या जुलैत ते घर रिकामं करायला मॅडमनी मला पुन्हा नेलं. निघायच्या आधी मी बाब अल बहरीनला जाऊन दिनार मोडून युरो घेतले. डबा बॅगेत घातला.

दुसऱ्याच दिवशी समोरची बाई आली. वाळली होती. आम्ही कपाटातले ग्लास कागदात गुंडाळत होतो. ती दारात उभी राहून बोलू लागली, हळू, मग घाईघाईने. मला सगळं कळलं नाही. आग्वा कळलं. "मी, मी," म्हणत तिने छातीवर हात मारून घेतला, ते कळलं. मॅडम उभ्याच राहिल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"वर्षभर मला का नाही सांगितलंस?"

"त्या म्हाताऱ्या आहेत. एकट्या राहतात."

मॅडम खोक्यावर बसल्या. मग विचारलं, "किती प्याली?"

"अर्धा ग्लास."

"अर्धा," त्या म्हणाल्या. आणि तोंडावर हात धरून रडल्या. समोरची बाई त्यांच्याजवळ गेली की नाही ते मी बघितलं नाही. मी बॅगेतून डबा आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि मला जमेल तसं, अडखळत, पावाच्या दुकानाचं सांगितलं. मॅडमनी पर्स ओढली.

"नको," मी म्हटलं. "माझे आहेत."

डबा परत बॅगेत घालून मी पाचनंतर गेले. वाट आता चुकली नाही. दुकानात तीच बाई होती, हातांना तसंच पीठ, पुढे चार गिऱ्हाईकं. माझा नंबर आला तेव्हा मी काउंटरवर पैसे ठेवले. दहाची नोट, पाचची नोट, एक-एक युरोची तीन नाणी, आणि वर वीस-वीस सेंटची दोन छोटी. तिने मला ओळखलं नाही. पैशांकडे बघितलं, पावांकडे बोट करून विचारलं, कुठला? मी बॅगेतून डबा काढून शेजारी ठेवला. सील तसंच होतं.

ती डब्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिने एप्रनला हात पुसले, पैसे एक एक करून मोजले, अठरा युरो चाळीस, आणि गल्ल्यात टाकले.